कुलूप आणि खतावणी

२००४ च्या हिवाळ्यात हॅमिल्टनमधल्या अनेकांना शनिवारची संध्याकाळ कशी घालवावी हेच कळेनासे झाले होते. कॅनडात येऊन मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. बर्फावरच्या हॉकीतले मला एवढेच कळत होते, की शनिवारी रात्री गल्लीतल्या बहुतेक खिडक्यांत सारखाच निळसर उजेड हलत असतो आणि मधूनच सगळ्या घरांतून एकदम आरडाओरडा उठतो. त्या वर्षी तो उठलाच नाही. १६ सप्टेंबरपासून नॅशनल हॉकी लीगच्या तीसही संघांच्या मालकांनी आपल्याच खेळाडूंना बाहेर ठेवून दारे लावून घेतली होती, आणि हॉकीच्या हक्काच्या वेळेत सीबीसी वाहिनी चित्रपट दाखवत होती. शेजारी एक आजोबा राहत. गावातल्या पोलाद कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले. ते अंगणातला बर्फ नको इतका लवकर आणि नको इतका साफ करू लागले, तेव्हा मला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

रविवारी मुंबईला फोन केला की वडिलांना इकडच्या काही गोष्टी सांगाव्या लागत. हॉकी बंद पडल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "संप केला का रे पोरांनी?" मी सवयीने हो म्हणालो, कारण इथे बसमध्ये आणि दुकानात लोक तोच शब्द वापरत होते. मग दुरुस्ती केली, "नाही बाबा, मालकांनी लॉकआऊट केलाय." त्यावर ते म्हणाले, "मग संप का म्हणतोस? कुलूप कोणाचं ते आधी बघावं."

वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, त्यामुळे आमच्या घरात संप हा शब्द भूतकाळी वापरला जात नसे. संप आणि टाळेबंदी यांतला फरक त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. काम थांबवण्याचा निर्णय कामगाराचा असेल तर संप आणि मालकाचा असेल तर टाळेबंदी. २०२० नंतर मराठीत टाळेबंदी म्हटले की महामारीच आठवते, आणि मूळ अर्थाला त्यात थोडी अडगळ झाली आहे. पण या लेखात तो शब्द मी वडिलांच्या अर्थाने वापरतो आहे.

हॅमिल्टनला या भांडणाचे कौतुक नव्हते, त्याचे कारण मला पुढे ग्रंथालयात सापडले. लीगच्या इतिहासातला खेळाडूंचा पहिला संप याच शहराच्या संघाने केला होता. १९२४-२५ च्या मोसमात लीगने सामन्यांची संख्या २४ वरून ३० केली, पगार मात्र तेवढेच ठेवले. हॅमिल्टन टायगर्स हा संघ त्या मोसमात गुणतक्त्यात पहिला आला. अंतिम फेरीच्या तोंडावर कर्णधार शॉर्टी ग्रीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की वाढीव सहा सामन्यांचे प्रत्येकी २०० डॉलर द्या, नाहीतर आम्ही बर्फावर उतरत नाही. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी पैसे दिले नाहीत. खेळाडूंना निलंबित केले आणि वर प्रत्येकी २०० डॉलर दंड ठोठावला. जेवढे मागितले तेवढाच दंड, हा हिशेब मला हिशेबनीस म्हणून फार बोलका वाटतो. पुढच्या मोसमाआधी या खेळाडूंचे करार ७५,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले. तो संघ ज्याच्या पैशावर उभा होता तो बिल ड्वायर चोरटी दारू विकून श्रीमंत झालेला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लीगचा पहिला गोल शॉर्टी ग्रीननेच केला, म्हणजे खेळाडूंचे तसे काही बिघडले नाही. बिघडले ते गावाचे. हॅमिल्टनला लीगचा संघ पुन्हा मिळाला नाही, १९८५ मध्ये खास त्या आशेने मोठे क्रीडागृह बांधूनही नाही. आजोबांच्या तोंडून मी टायगर्सचे नाव ऐकले तेव्हा ते जणू गेल्याच वर्षी गेल्यासारखे बोलत होते, आणि त्यांचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

माझा व्यवसाय कीर्द-खतावणीचा. लहान धंद्यांचे हिशेब लिहायचे, वर्षअखेरीस कर भरायचा. त्यामुळे भांडण कोणतेही असो, मी आधी विचारतो की वही कोणाच्या कपाटात आहे. हॉकीतल्या भांडणांबद्दल वाचत गेलो तसतसे मला दिसू लागले, की वरवर ती पगारावरून पेटलेली असली तरी प्रत्येकाच्या मुळाशी एक न दाखवलेली वही आहे.

ती वही प्रथम मागितली टेड लिंडसे याने. डेट्रॉईट रेड विंग्जचा हा डावा आघाडीवीर अंगाने लहान आणि स्वभावाने आगलाव्या होता. चेहऱ्यावर इतके टाके की मोजणे सोडून द्यावे. लीगने १९४७ मध्ये खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाचा फंड काढला होता. खेळाडूने आपल्या पगारातून वर्षाला ९०० डॉलर भरायचे, आणि वर्षाची कमाई काही हजारांत असण्याच्या त्या काळात ही रक्कम बोचणारी होती. लिंडसे आणि माँट्रियलचा डग हार्वी या फंडाच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधी होते. त्यांनी मागणी केली ती साधी: फंडात किती पैसे आहेत, मालक किती घालतात आणि ते कुठे गुंतवले आहेत, ते दाखवा. मालकांनी ताकास तूर लागू दिला नाही.

तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि खेळाडूंच्या जागा जेमतेम शंभर-सव्वाशे. करारातल्या कलमामुळे खेळाडू जन्मभर एकाच संघाला बांधलेला असे. संघ त्याला विकू शके, पण तो स्वतः हलू शकत नसे. प्रतिस्पर्ध्याशी सामन्याबाहेर बोलणेही लोकांना खपत नसे. अशा वातावरणात लिंडसेने एकेका संघातल्या माणसाला गुपचूप गाठले, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंच्या संघटनेची घोषणा केली. त्याच मोसमात त्याने ८५ गुण मिळवले. लीगमध्ये त्याच्यापुढे फक्त त्याचा सहकारी गॉर्डी हाऊ होता, आणि डेट्रॉईट गुणतक्त्यात पहिले आले होते. जुलैमध्ये डेट्रॉईटचे व्यवस्थापक जॅक ॲडम्स यांनी त्याला तळाला गेलेल्या शिकागो संघाकडे धाडले. पत्रकारांना त्याचा फुगवलेला पगार दाखवणारा बनावट करार दाखवण्यात आला, असे लिंडसे पुढे आयुष्यभर सांगत राहिला. डेट्रॉईटचे मालक ब्रूस नॉरिस आणि शिकागोचे मालक जेम्स नॉरिस हे एकाच बापाचे मुलगे होते. म्हणजे घरातली नको असलेली खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत ठेवण्यासारखाच हा व्यवहार होता.

लिंडसेने मक्तेदारीविरोधी दावा लावला. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉईटच्याच खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतले, त्यात हाऊही होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली: किमान वेतन ७,००० डॉलर, फंडात मालकांची थोडी वाढीव भर, आणखी काही सवलती. संघटना मोडली. वही कपाटातच राहिली.

हाऊबद्दल मला राग येत नाही, कीव येते. त्या काळातला तो सर्वांत मोठा खेळाडू, आणि आपल्या संघात सर्वांत जास्त पगार आपल्यालाच मिळतो या भ्रमात त्याने वीसेक वर्षे काढली, कारण व्यवस्थापनाने त्याला तसे सांगितले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॉब बॉन हा नव्याने आलेला बचावपटू त्याला म्हणाला, की तुझ्यापेक्षा मी जास्त घेतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ नेहमी मालकाचीच असते. १९९० च्या सुमारास संघटनेने सगळ्यांचे पगार एकमेकांना उघड केले, आणि मग ते किती झपाट्याने वाढले ते पाहिले की त्या मुठीत काय होते ते कळते.

आता वडिलांच्या सवयीप्रमाणे मीही मालकांकडे बोट दाखवून थांबलो असतो, पण इतिहास तसा सरळ नाही. १९६७ मध्ये संघटना पुन्हा उभी राहिली ती ॲलन ईगलसन या टोरांटोच्या वकिलाच्या हाताखाली, आणि हा गृहस्थ एकाच वेळी संघटनेचा कार्यकारी प्रमुख, अनेक खेळाडूंचा दलाल आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आयोजक होता. आमच्या धंद्यात एकाच माणसाने पावती फाडणे, रक्कम घेणे आणि ताळा पाहणे या तीन गोष्टी केल्या तर आम्ही डोळे बारीक करतो. बॉबी ऑर हा बचावपटू या खेळातला चमत्कार होता. बोस्टनच्या मालकांनी १९७६ मध्ये त्याला संघात सुमारे १८.५ टक्के मालकीचा प्रस्ताव दिला होता, तो ईगलसनने त्याच्यापर्यंत पोहोचवलाच नाही. ऑर शिकागोला गेला आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर जवळजवळ कफल्लक अवस्थेत निवृत्त झाला. जानेवारी १९९८ मध्ये ईगलसनने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाहेरच्या चोरापेक्षा घरातला किल्लीवाला वाईट.

लिंडसेच्या प्रश्नाचे उत्तर दरम्यान भलत्याच दाराने आले. कार्ल ब्रूअर या माजी बचावपटूच्या चिकाटीमुळे १९९१ मध्ये सात निवृत्त खेळाडूंनी लीगवर दावा केला. त्यात हाऊही होता, आणि याचे मला फार बरे वाटते. फंडात साचलेली वाढ मालकांनी स्वतःचे हप्ते भागवण्यासाठी वापरली होती. ती खेळाडूंची आहे, असा निकाल ओंटारिओच्या न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. अपिले संपून १९९४ मध्ये तो पक्का झाला, आणि चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम म्हाताऱ्या खेळाडूंकडे वळली. वही मागितल्यापासून सुमारे सदतीस वर्षांनी तिचे एक पान दिसले.

एप्रिल १९९२ मधला दहा दिवसांचा संप आणि १९९४ ची साडेतीन महिन्यांची टाळेबंदी यांवर मी रेंगाळत नाही. पहिल्यात खेळाडूंची चित्रे छापलेल्या पत्त्यांच्या विक्रीतला वाटा हा मोठा मुद्दा होता, दुसरीनंतर मोसम ४८ सामन्यांचा उरला. खरी लढाई २००४ ची. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांचे म्हणणे असे, की उत्पन्नाचा पाऊण भाग पगारात जातो आणि मालक बुडत आहेत, म्हणून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा हवी. पुराव्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाचे माजी अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांच्याकडून अहवाल करून घेतला. त्यात २००२-०३ चा तोटा २७ कोटी ३० लाख डॉलर दाखवला होता. फोर्ब्स मासिकाने स्वतःचा हिशेब मांडला तेव्हा तोच तोटा निम्म्याहून कमी निघाला.

हे वाचून मी हसलो, कारण असे दोन आकडे कसे निघतात हे मी रोज पाहतो. एखाद्याच्या मालकीचा संघ असतो, क्रीडागृह त्याच्याच दुसऱ्या कंपनीचे असते, सामने दाखवणारी केबल वाहिनी तिसऱ्या कंपनीची. न्यूयॉर्क रेंजर्स आणि त्यांचे गार्डन एका केबल कंपनीकडे होते, फिलाडेल्फियाचा संघ दुसऱ्या केबल कंपनीच्या छत्राखाली. आता श्रीमंतांसाठीच्या खास सज्ज्यांचे भाडे, गाड्या लावण्याचे पैसे, बिअरची विक्री, प्रक्षेपणाचे हक्क हे सगळे कोणत्या वहीत चढवायचे? क्रीडागृहाच्या वहीत चढवले की संघ तोट्यात जातो. यात खोटे लिहिलेले काहीच नसते. ओळ फक्त दुसऱ्या पानावर असते. खेळाडू संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाऊ यांचा मालकांच्या आकड्यांवर विश्वास नव्हता, तो याच कारणासाठी. मात्र त्यांचाही अंदाज चुकला होता: मालकांची एकजूट दोनेक महिन्यांत फुटेल असा कयास हिवाळ्याबरोबर गोठला.

फेब्रुवारी २००५ च्या मध्यात दोन्ही बाजू इतक्या जवळ आल्या होत्या की आजही अंगावर काटा येतो. खेळाडूंनी प्रथमच मर्यादा तत्त्वतः मान्य केली. मालकांचा शेवटचा आकडा दर संघामागे ४ कोटी २५ लाख डॉलर, खेळाडूंचा ४ कोटी ९० लाख. तीस संघ धरले तरी फरक १९ कोटी ५० लाखांचा, आणि लीगची वर्षाची उलाढाल २०० कोटींच्या वर. १६ फेब्रुवारीला बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण मोसम रद्द केल्याचे जाहीर केले. उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक लीगने मालक-खेळाडूंच्या वादापायी पूर्ण मोसम गमावण्याची ही पहिलीच वेळ. जुलैमध्ये करार झाला तेव्हा मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख, म्हणजे खेळाडूंनी नाकारलेल्या आकड्याहूनही कमी. शिवाय चालू करारांत सरसकट २४ टक्के कपात. गुडनाऊ यांनी त्याच महिन्यात पद सोडले.

वर्तमानपत्रांनी याला खेळाडूंची शरणागती म्हटले, आणि आकड्यांकडे पाहिले तर ती होतीच. पण करारात एक गोष्ट अशी होती की तिच्याकडे मी पुनःपुन्हा जातो. पगार आता उत्पन्नाच्या ५४ टक्क्यांशी बांधला गेला. उत्पन्न वाढले की हा टक्काही वाढणार होता. आणि एकदा टक्का ठरला की कशाचा टक्का हे लिहावेच लागते. म्हणून हॉकीशी संबंधित उत्पन्न म्हणजे काय, खास सज्जे किती, वाहनतळ किती, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेले हक्क कोणत्या भावाने धरायचे, याची पानेच्या पाने व्याख्या करारात आली, आणि ते आकडे दोन्ही बाजूंच्या वतीने तपासायची सोय झाली. खेळाडूंनी पगाराची लढाई हरून वही मिळवली. लिंडसेची मागणी, पण केवढ्या किमतीला! माझ्या मते किंमत मोठी असली तरी सौदा वाईट नव्हता. २०११-१२ पर्यंत तीच मर्यादा ६ कोटी ४३ लाखांवर गेली होती.

स्टॅन्ली चषकाच्या पट्टीवर जिथे विजेत्यांची नावे कोरतात, तिथे त्या वर्षापुढे '२००४-०५ चा मोसम खेळला गेला नाही' अशा अर्थाची ओळ आहे. कर्ता नसलेली. ती वाचताना वडिलांचा प्रश्न आठवला, आणि कोरणाऱ्याने कर्मणी प्रयोग किती विचारपूर्वक निवडला असेल असे मनात आले. टोरांटोतले काही हौशी खेळाडू तर न्यायालयातच गेले, की लीग खेळत नसेल तर चषक दुसऱ्या कोणाला द्या, तो मूळचा लीगचा नाहीच. २००६ मध्ये तडजोड झाली, आणि तशा वर्षी तो इतरांना देण्याचा विश्वस्तांचा अधिकार मान्य झाला.

कुलूप नंतर २०१२ मध्येही लागले, आणि त्या वेळी मला मालकांच्या रडगाण्याचे अजिबात वाईट वाटले नाही. खेळाडूंचा वाटा आता ५७ टक्के होता आणि उलाढाल ३३० कोटी डॉलरच्या घरात. मिनेसोटाचे मालक क्रेग लिपोल्ड यांनी ४ जुलैला झॅक परीझे आणि रायन सूटर यांच्याशी प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार केले. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, पगार परवडत नाहीत म्हणणाऱ्या मालकांच्या वाटाघाटी गटात तेच बसलेले दिसले. ११९ दिवसांनी, सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन्ही बाजूंमध्ये येरझारा घातल्यावर, ५० टक्क्यांवर मिटले. या वेळी वही उघडी होती, म्हणून निदान भांडण टक्क्याचे राहिले. उत्पन्न किती याबद्दल फारसा वाद नव्हता. महामारीच्या वर्षी तर कुलूप न लावताच करार वाढवला गेला.

'कोट्यधीश आणि अब्जाधीश यांचे भांडण' असे म्हणून हा विषय झटकणारे पुष्कळ भेटतात, आणि २००४ मध्ये खेळाडूचा सरासरी पगार १८ लाख डॉलर असताना ते स्वाभाविकही आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. अब्जाधीशाचा संघ त्याच्या नातवाला मिळतो, कोट्यधीशाचा गुडघा पस्तिशीपर्यंत टिकला तर नशीब. मात्र दोघांच्या टेबलाशी ज्यांना खुर्चीच नव्हती, त्यांच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प राहिल्या, हेही खरे. माझ्या एका ग्राहकाचे लहानसे मद्यगृह होते. त्या हिवाळ्यातल्या त्याच्या शनिवारच्या नोंदी मीच लिहिल्या आहेत. जानेवारीत त्याने वाढपी मुलींपैकी एकीला कमी केले, आणि ती रक्कम मी ज्या ओळीतून वजा केली त्या ओळीला हॉकीशी संबंधित असे कोणी म्हणणार नाही.

आजोबांचा रोष मात्र सगळा खेळाडूंवर होता. त्यांच्या कारखान्याने जानेवारी २००४ मध्ये देणेकऱ्यांपासून न्यायालयाचे संरक्षण घेतले होते आणि निवृत्तांच्या फंडात मोठा खड्डा असल्याचे बाहेर आले होते. मी चाळीस वर्षे भट्टीपुढे उभा राहिलो, माझा फंड धोक्यात आणि या पोरांना कोटी कमी पडतात, असे ते फावडे आपटत म्हणत. एकदा मी त्यांना लिंडसेची गोष्ट सांगितली. लिंडसेचा खेळ त्यांनी तरुणपणी पाहिला होता, त्याने केलेले धसमुसळेपण त्यांना तोंडपाठ होते. पण तो फंडाचा हिशेब मागितल्यामुळे शिकागोला गेला हे त्यांना ठाऊक नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की आम्हीही कधी मागितला नव्हता.

२००६ च्या जूनमध्ये एडमंटनचा संघ अंतिम फेरीत होता आणि गल्लीतला आरडाओरडा परत आला होता. कारखाना तोवर न्यायालयाच्या छायेतून बाहेर पडला होता. एका संध्याकाळी आजोबांनी मला बोलावले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर फंडाचे वार्षिक पत्रक पसरले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही एकेक ओळ वाचत गेलो. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात गृहीत धरलेल्या व्याजदराची टीप होती. हे कोणी गृहीत धरले आणि ते चुकले तर काय, असे त्यांनी विचारले, आणि ते समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. तिसरे सत्र सुरू झाल्याचे मी त्यांना दाखवले. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले, आणि आधी हे पान संपवू म्हणाले.